दुधाच्या दातांवरचा आळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तेव्हा तुम्हीही चार ओळी लिहा, असा आग्रह मंडळातल्या भगिनींनी केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी, तर पेणच्या पोह्यांवर आणि पापडांवर दर अंकात कोणीतरी लिहितेच. म्हणून ज्या गोष्टीबद्दल गेले वर्षभर मिळेल तेथून वाचत आहे आणि डॉक्टरबाईंना विचारून घेत आहे, तीच लिहायचे ठरविले. विषय लहान आहे, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा. तान्ह्या बाळाचा पहिला दात.

बाळ सहा-सात महिन्यांचे झाले, खालच्या हिरडीत पांढरी रेघ दिसू लागली की घरात आनंद होतो. वाटी दातावर टिचकली की टिंग असा आवाज येतो, तो ऐकायला शेजारणीसुद्धा येतात. परंतु याच दिवसांत बाळाला ताप आला, पातळ शौचास होऊ लागले, बाळ मलूल झाले, तर गडबात आजही एकच उत्तर मिळते, "पोराला दात येतान, काय होत नाय." हे उत्तर आपल्या आज्यांनी काढलेले नाही. ते फार जुने आहे, आणि एकट्या आपल्या देशाचेही नाही. दाताच्या माथी हा आळ कसा आला, तो किती शतके राहिला आणि कधी उतरला, हे पाहण्यासारखे आहे. कागदावर तो उतरला आहे, घरांतून अजून उतरलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडील बालरोगांचा सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तो कित्येक शतके हरवल्यासारखाच होता. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांना त्याची जीर्ण, अपुरी ताडपत्राची पोथी मिळाली, आणि १९३८ साली आपल्या मुंबईत निर्णयसागर छापखान्यात ती छापून निघाली. तिच्यात बाळाच्या दातांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. माणसाला बत्तीस दात, त्यांपैकी आठ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा जन्मतात, म्हणून त्यांना द्विज म्हणायचे, असे तेथे सांगितले आहे. आजच्या मोजणीने दुधाचे दात वीस, तेवढेच पडून पुन्हा येतात, आणि मागल्या बारा दाढा एकदाच येतात. मोजणीत फरक असला तरी इतक्या जुन्या काळी कोणी बाळाच्या तोंडात इतके निरखून पाहिले, याचे मला कौतुक वाटले. चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे आणि आठव्या महिन्यात आलेले उत्तम, असेही ग्रंथकार म्हणतात. मुलींचे दात मुलांपेक्षा कमी त्रासाने येतात, असेही त्यांचे म्हणणे आहे. हे वाचून मला जरा हसू आले. मुलगी तेव्हाही कमीच रडत असावी, किंवा तिचे रडणे कमी ऐकू येत असावे.

वाग्भटाचे अष्टांगहृदय हा दुसरा मोठा ग्रंथ. त्यात तर दात येणे हे सर्वच रोगांचे कारण म्हटले आहे. मोराला तुरा फुटताना जसे त्याचे सर्वांग दुखते, तसे दात फुटताना बाळाचे कोणतेच अंग दुखल्यावाचून राहत नाही, अशी उपमा दिली आहे. उपमा गोड आहे, पण आळ पक्का झाला तो असा. मात्र त्याच वाग्भटाने एक शहाणपणाची गोष्टही लिहून ठेवली आहे की, दातांच्या दुखण्यात बाळाला औषधे आणि पथ्ये यांनी फार छळू नये, दात आले की ते दुखणे आपले आपण शमते. आपल्याकडे आळ लक्षात राहिला आणि ही दुसरी गोष्ट विसरली गेली.

विलायतेत याहून वाईट घडले. ग्रीकांचा हिपोक्रेटीस हाही दात येताना ताप, झटके आणि जुलाब होतात असे सांगून गेला होता. पुढे १५७५ साली फ्रान्सच्या राजाचा शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे याने आपल्या ग्रंथात आठ महिन्यांच्या एका सरदारपुत्राची हकीकत दिली. मूल मेल्यावर त्याने त्याच्या हिरड्या कापून पाहिल्या, तर आत दात तयार होते. दातांना वाट मिळाली नाही म्हणून मूल गेले, असे त्याने ठरविले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे युरोपात आणि अमेरिकेत तान्ह्या मुलांच्या हिरड्या चाकूने चिरण्याची चाल पडली. ताप आला की चीर, झटका आला की चीर. त्या चाकूने आणखी किती मुले दगावली असतील, देव जाणे. लंडनच्या १८४२ सालच्या मृत्युनोंदीच्या अहवालात एक वर्षाच्या आत गेलेल्या बालकांपैकी शंभरांत जवळजवळ पाचांच्या नावापुढे मरणाचे कारण म्हणून 'दात येणे' एवढेच लिहिलेले आहे. सरकारी कागदावर! तेव्हा आपल्या अडाणी आजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, शिकलेले डॉक्टरही तेच म्हणत होते.

चाकू मागे पडला तेव्हा पुड्या आल्या. दात सुखाने यावेत म्हणून इंग्लंडात मुलांना ज्या पुड्या देत, त्यांत पाऱ्याचे औषध असे. काही मुलांचे तळहात-तळपाय गुलाबी होत, कातडी सोलून निघे, उजेड सहन होत नसे, मुले दिवसरात्र कण्हत आणि त्यांतली कित्येक मरत. त्याला नावच गुलाबी रोग असे पडले. पुष्कळ वर्षे कारण कळेना. अमेरिकेतले वॉर्कनी आणि हबार्ड या डॉक्टरांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला आणि १९४८ साली त्यांनी तो पुरावा मांडला. १९५४ साली इंग्लंडात पुड्यांतला पारा काढून टाकला, आणि थोड्याच वर्षांत तो रोगही नाहीसा झाला. म्हणजे दातावर आळ घेऊन जे औषध दिले, तेच रोग होते.

आपल्याकडे सुदैवाने बाळगुटीच्या सहाणेवर वेखंड, मायफळ, हळकुंड, मुरडशेंग यांचे दोन-दोन वळसे, एवढ्यावर भागत असे. गळ्यात किंवा मनगटाला वेखंडाच्या कांड्या बांधत. वरचे दात आधी आले तर ते मामाला भारी, म्हणून मामाने काही देऊन परिहार करायचा. पडलेला दात कौलावर टाकून उंदराला त्याच्यासारखा दात मागायचा. यांतल्या बऱ्याच गोष्टी निरुपद्रवी आहेत. मामाकडून झबले-टोपरे मिळत असेल तर मी कशाला आड येऊ? पण सहाण, तिच्यावरचे पाणी आणि गुटी देणारीचा हात स्वच्छ नसेल, तर त्या गुटीतूनच जुलाब लागतो, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, सासूबाईंची परवानगी घेऊनच. त्यांची पहिली मुलगी नऊ महिन्यांची होऊन गेली. ही १९७५ च्या सुमाराची गोष्ट. श्रावणातले दिवस, खाडीकडची शेते पाण्याखाली, पिण्याच्या पाण्याला गढूळपणा आलेला. मुलीला खालचे दोन दात आलेले आणि वरचे येत होते. जुलाब सुरू झाले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी दातांचेच आहेत, दात वर आले की थांबतील, असे सांगितले. जुलाबात पाणी पाजले तर आणखी पातळ होते, म्हणून पाणीही तोडले. तिसऱ्या दिवशी मुलीची टाळू खोल गेली, डोळे आत गेले. पेणला न्यायची तयारी झाली तोवर संपले होते. घरात पुढे कायम असेच सांगत की, तिला दातांनी नेले. सासूबाईही कालपरवापर्यंत असेच सांगत.

आता याच्याशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहा. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईच्या वेळी सरहद्दीवर बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यांनी पाजायला लावले. शंभरांत तीस जण मरत होते, ते चारांच्याही खाली आले. म्हणजे आमच्या घरातली मुलगी गेली त्याच्या चार वर्षे आधी तिचा उपाय सापडलेला होता, आणि त्यातल्या साखर-मीठ दोन्ही वस्तू तिच्याच घराच्या फडताळात होत्या. नव्हते ते फक्त हे ज्ञान की रोग दाताचा नाही, पाणी निघून जाण्याचा आहे. सासूबाईंना मी हे वाचून दाखविले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिही बाय. नाव नको घालू, पन लिही."

दाताची खरी बाजू आता सिद्ध झालेली आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १२५ बाळांच्या आयांनी चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दिवसातून दोनदा ताप मोजून आणि बाळाची लक्षणे लिहून टिपणे ठेवली. त्यांचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. दात येण्याच्या आगेमागे काही दिवस लाळ गळते, बाळ चावते, हिरड्या चोळते, चिडचिडते, कमी खाते, अंग किंचित कोमट लागते. मोठा ताप, जुलाब, खोकला, झटके यांचा दाताशी संबंध दिसला नाही. मला या अभ्यासाचे विशेष वाटले ते हे की, जो वाद पोथ्यांतून सुटला नव्हता, तो आयांच्या वह्यांनी सोडविला.

मग दात आणि आजार एकत्र येतात कसे? कारण साधे आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला पोटात असताना आईकडून मिळालेली रोगाशी लढायची शक्ती ओसरू लागते. त्याच वेळी वरचे अन्न सुरू होते, बाळ रांगू लागते आणि जमिनीवरचे सापडेल ते तोंडात घालते. नेमके तेव्हाच दात येतात. चोरी झाली तेव्हा दारात उभा होता म्हणून दाताला पकडले, अशातला प्रकार.

इतके दिवस नको तो आळ सोसणाऱ्या या दाताला स्वतःचा एक खरा रोग आहे, आणि त्याकडे मात्र कोणीच पाहिले नाही. तो म्हणजे किडणे. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, असे आपण म्हणतो. 'कीड' हा शब्दही पाहा. दाताच्या आत किडा असतो आणि तो पोखरतो, ही समजूत जगभर होती. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याने शोधून किडा काही सापडेना. १८९० साली मिलर या डॉक्टरने बर्लिनमध्ये दाखविले की तोंडातले सूक्ष्म जंतू गोड व पिठूळ अन्नाचे आंबट पाणी करतात आणि ते पाणी दात विरघळविते. लोणच्याच्या आंबटाने तांब्याचे भांडे कळकते, तसेच म्हणा ना. १९२४ साली इंग्लंडात क्लार्कने त्यांतला मुख्य जंतू वेगळा काढला. हा जंतू जन्मतः बाळाच्या तोंडात नसतो. आईच्या किंवा सांभाळणारीच्या लाळेतून तो जातो, म्हणून आपण चाखलेला चमचा बाळाच्या तोंडात घालणे आणि घास आपल्या तोंडात मऊ करून भरवणे, ही मायेची रीत सोडलेली बरी.

राहिली साखर. आपल्या खारेपाटात जुन्या काळी साखर म्हणजे सणाची वस्तू, चहासुद्धा गुळाचा. १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. पुढे महाराष्ट्रभर कारखाने झाले. शेतकऱ्याचे त्यात भले झाले, त्याबद्दल वाद नाही. परंतु साखर स्वस्त झाली तशी ती पाळण्यापर्यंत आली. स्वीडनमध्ये १९४५ पासून काही वर्षे विपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत, त्यांना न विचारता, चिकट गोळ्या खायला घालून प्रयोग केले. असे प्रयोग करणे अन्यायाचेच, पण त्यातून कळले ते खोटे नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा आणि किती चिकट होऊन दाताला लागली, यावर दाताचे किडणे अधिक अवलंबून असते. एकदा जेवणाबरोबर खाल्लेला लाडू बरा, आणि दिवसभर हातात दिलेले बिस्कीट वाईट. १९६२ साली अमेरिकेत फास नावाच्या डॉक्टरने आणखी एक गोष्ट दाखविली. झोपताना तोंडात दुधाची बाटली ठेवलेल्या मुलांचे पुढचे वरचे दात एका विशिष्ट तऱ्हेने किडतात, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध रात्रभर दातांवर राहते. आपल्या अंगणवाडीतल्या मुलांना हसायला सांगा, तीन-चार तरी तोंडांत वरचे पुढचे दात तपकिरी खुंटासारखे दिसतील.

दात पडणारच असला तरी तो अकरा-बारा वर्षांपर्यंत काम करतो आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखतो. तो लवकर गेला तर शेजारचे दात सरकतात आणि नवा वाकडा येतो. दुखऱ्या दाताचे मूल चावत नाही, चावत नाही म्हणून खात नाही, आणि आपण म्हणतो, अंगी लागत नाही. आणखी एक फसगत सांगते. सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नव्हे. ती कायमची. कोणताही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून तिला दुधाची समजून किडू देतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

दातांचे शिक्षण आपल्याकडे उशिरा आले. कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले, आणि दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला. ही सारी सोय शहरापुरती. खेड्यातल्या बाईच्या हाती दात घासायला काय होते? राख, कोळसा आणि मशेरी.

मशेरीबद्दल लिहू की नको, असा मला विचार पडला होता, कारण हा अंक वाचणाऱ्या कित्येकींच्या चुलीशेजारी डबी असेल. तव्यावर तंबाखू काळी भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. दात दुखतो म्हणून सुरू होते आणि पुढे दात गेले तरी बोट जात नाही. तंबाखू घातलेली दंतमंजने आणि पेस्ट यांवर सरकारने १९९२ साली बंदी घातली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी योग्य ठरविली. पण ती कारखान्यातल्या मालावर, घरच्या तव्यावर नाही. मुंबईत १२१७ गर्भवती बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरी किंवा अशीच तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मलेली आढळली. बाळाच्या दातांचे अंकुर आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच धरतात. म्हणजे बाळाच्या दातांची काळजी आईच्या बोटापासून सुरू होते. आणि दात येताना दुखते म्हणून बाळाच्या हिरडीला चिमूटभर मशेरी लावणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. ते तर विषच.

करायचे ते फार नाही. दात यायच्या आधीपासून दूध पाजल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात आला की मऊ लहान ब्रश आणि त्यावर फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, आपल्या भातगावात हे माप कोणाला समजावून सांगायला नको. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. रात्रीचे घासणे चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. हिरड्या शिवशिवत असतील तर थंड स्वच्छ फडके चावायला द्यावे किंवा स्वच्छ बोटाने चोळाव्यात. वर्षाच्या आत मधाचे बोट नको, त्याने क्वचित भयंकर विषबाधा होते. जुलाब असतील तर दात पाहत बसू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे, आशाताईंकडून मिळणारी मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून घोट-घोट पाजावी, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात, आणि बाळ मलूल झाले, डोळे आत गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा ताप चढला तर दवाखाना गाठावा.

मुलांच्या तपासणीची सरकारी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथे सुरू झाली. तीत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दातांचे दोषही त्यात पाहतात. अंगणवाडीत त्यांचे पथक वर्षातून दोनदा यायचे असते. पथक येते तेव्हा आपण दुखणारे मूल तेवढे नेतो आणि धडधाकट मुलाला खेळायला सोडतो. पुढच्या वेळी तारीख कळली की मंडळाच्या फळ्यावर लिहू. ज्याला नुकता एकच दात आला आहे, तेही मूल घेऊन यावे. पथकाकडे विजेरी असते. नसली तर मी घरून आणीन.